‘न्हाणीत पाय घसरला’ : सीमाभागातल्या दवाखान्यांत ऐकू येणारं वाक्य आणि आपण

घाटमाथा_सिस्टर

नमस्कार मंडळी. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी बरीच वर्षं नर्स होते. दोन वर्षांखाली निवृत्त झाले. एक गोष्ट मनातून जात नाही, म्हणून हा धागा काढते.

रोप लावणीचे दिवस होते. पाऊस असा की समोरचं माणूस दिसू नये. पंचविशीची एक बाई आली, सोबत सासू. उजवा हात पदरात गुंडाळलेला. मी काही विचारायच्या आत सासूच बोलली, "न्हाणीत पाय घसरला ओ सिस्टर, हातावर पडली." पदर सोडवला तर कोपर आणि मनगटाच्या मधोमध, करंगळीच्या बाजूला, सूज आणि काळंनिळं. बाई खाली बघत होती. मी फळी लावून हात बांधला, बेळगावला पाठवलं आणि रजिस्टरात लिहिलं, 'पडल्याने इजा'.

माणूस पडताना तळहात टेकतो आणि मनगटाजवळ मोडतं. करंगळीच्या बाजूचं हाड असं मधोमध मोडलं तर डोक्यावर येणारा फटका हातावर झेलला असेल, अशी शंका घ्यावी लागते. हे मला पुष्कळ वर्षांनी एका प्रशिक्षणात कळलं. नर्सिंगच्या शिक्षणात कुणी सांगितलं नव्हतं.

ती बाई नंतर डोकेदुखी म्हणून आली. मी गोळ्या दिल्या. तिसऱ्या खेपेला तिला जीपमधून आणलं तेव्हा तोंडाला तणनाशकाचा वास येत होता. ती वाचली नाही. रजिस्टरात तिच्या तीन नोंदी आहेत आणि तिन्ही माझ्या अक्षरातल्या आहेत.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत कर्नाटकातल्या लग्न झालेल्या १८ ते ४९ वयाच्या ४४ टक्के बायकांनी नवऱ्याची मारहाण किंवा जबरदस्ती सोसल्याचं सांगितलं. देशाचा आकडा २९ टक्के, महाराष्ट्राचा २५. त्याच पाहणीत देशभरात हिंसा सोसलेल्या बायकांपैकी जेमतेम १४ टक्क्यांनी कुणाची तरी मदत मागितली होती. बाकीच्या गप्प. पण त्या गप्प बसलेल्या बाळाची लस घ्यायला येतात, पांढरं जातंय म्हणून येतात, अंग दुखतंय म्हणून येतात. पोलीस स्टेशनची पायरी त्या चढत नाहीत, आमची चढतात. म्हणून नर्स, आशा, अंगणवाडी टीचर आणि डॉक्टर यांना हे शिकवलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं. आणि त्यांच्या पाठीशी गाव उभं पाहिजे. नाहीतर शिकलेली नर्ससुद्धा पट्टी बांधून तिला त्याच घरात परत पाठवणार.

तुमच्या गावात काय चालतं, लिहा.

मलप्रभाकाठ

सिस्टर, वाचून वाईट वाटलं. पण स्पष्ट बोलतो. दवाखान्यात घरच्या भानगडी विचारायला लागलात तर घरचे लोक बायकांना दवाखान्यात आणायचेच बंद होतील. मग बाळंतपणं परत घरात होतील. आमच्या गावात पंच बसतात, दोन्हीकडचं ऐकतात, मिटवतात. चार भिंतीतलं आहे, ते रीतीनेच सुटायला पाहिजे असं माझं मत.

घाटमाथा_सिस्टर

@मलप्रभाकाठ, तुमची भीती खोटी नाही. म्हणूनच प्रशिक्षण पाहिजे. भर ओळीत "नवरा मारतो काय गं?" असं विचारणारी नर्स खरोखर त्या बाईचं नुकसान करते. सासूनं ते ऐकलं की संध्याकाळी घरी काय होईल?

आम्हाला शिकवलं ते असं. सगळ्यांना सरसकट विचारत बसू नका, जागतिक आरोग्य संघटनासुद्धा तसं करा म्हणत नाही. पण खूण दिसली तर विचारल्याशिवाय सोडू नका. सांगितलेलं कारण आणि जखम जुळत नाही, काही वळ ताजे तर काही पिवळे पडलेले, मार लागून चार दिवसांनी येणं, तीच डोकेदुखी घेऊन महिन्यात तीनदा येणं, पोटुशी असून वजन न वाढणं, आणि नवरा किंवा सासू एक क्षण एकटं न सोडणं. यातलं काही दिसलं की आधी तिला एकटी करायची. "लघवी तपासायची आहे, आत चल," म्हटलं की कुणी आडवं येत नाही. मग दार लावून, सावकाश: "अक्का, असली जखम कुणी मारलं तरी होते. तुझ्या बाबतीत तसं काय झालंय काय?" ती नाही म्हणाली तर नाही. रेटायचं नाही. "कधी काय वाटलं तर मी हितंच असते," एवढं बोलून सोडायचं. माझ्या अनुभवात कितीतरी जणी पहिल्या वेळी नाही म्हणाल्या आणि दोन-तीन महिन्यांनी आपण होऊन आल्या.

आता आपल्या भागातली खास अडचण. डॉक्टर बरेचदा कन्नड बोलणारे, बाई मराठी, तीही घाटावरची. मग दुभाषी कोण? बरोबर आलेली सासू नाहीतर नवरा! ज्यानं हात मोडला तोच डॉक्टरला सांगतो हात कसा मोडला. हे मी डोळ्यांनी बघितलं आहे. प्रशिक्षणात पहिली गोष्ट हीच पाहिजे की घरच्या माणसाला दुभाषी करायचं नाही. केंद्रात मराठी येणारी एक तरी बाई असतेच, आशा असते, आया असते. तिला बोलवा, पण ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही हे तिलाही शिकवा.

चिकोडी_डॉक्टर

सिस्टरांनी लिहिलं त्यात भर घालतो.

गळा दाबलेली बाई कधी साधी समजू नका. बाहेरून खूण नसेलही. आवाज घोगरा, गिळताना दुखतं, डोळ्यांत लाल ठिपके, थोडा वेळ काही आठवत नाही, नकळत लघवी झाली, यातलं एकही असलं तर तिला मोठ्या दवाखान्यात पाठवा. सूज काही तासांनीही वाढते. आणि ज्यानं एकदा गळा धरला त्याच्या हातून पुढे जीव जाण्याचा धोका फार वाढतो. म्हणून घरी सोडण्याआधी चार गोष्टी विचारतो. गेल्या सहा महिन्यांत मार वाढलाय का, कधी हत्यार काढलं का किंवा त्याची धमकी दिली का, पोटात बाळ असताना मारलं का, आणि तुला स्वतःला वाटतं का की हा मला मारून टाकेल. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर होय आलं तर त्या रात्री तिला घरी पाठवायचं नाही. जाण्याची तयारीही गुपचूप करायची, कारण ती घर सोडते आहे हे त्याला कळतं तो काळ सगळ्यात धोक्याचा असतो.

लिहिताना तिचे शब्द तिच्याच शब्दांत लिहा. 'नवऱ्याने लोखंडी पाइपने मारल्याचे सांगते' असं. जखमेची जागा, लांबी-रुंदी, रंग लिहा. आमच्यातले पुष्कळ जण कोर्टात जावं लागेल म्हणून 'पडल्याने' लिहितात. तीच नोंद तीन वर्षांनी तिचा एकमेव पुरावा असते.

लैंगिक अत्याचार असेल तर सरकारी असो की खाजगी, उपचार फुकट आणि ताबडतोब द्यायचे. तक्रार आधी आणा म्हणून अडवणं गुन्हा आहे. गर्भ राहू नये म्हणून आणि एचआयव्ही होऊ नये म्हणून द्यायच्या गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू व्हायला पाहिजेत. दोन बोटांची चाचणी २०१४ च्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनीच बाद केली आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा बजावलं. मुलगी अठराच्या आतली असेल तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. ते तिला आणि घरच्यांना आधी नीट सांगा, मग कळवा.

आशा_खानापूर

मी आशा आहे. नाव घालत नाही.

सगळं बरोबर आहे सर, पण तुम्ही संध्याकाळी आपल्या घरी जाता. आम्ही त्याच गल्लीत राहतो. मागं एका बाईला मी १८१ चा, बायकांच्या हेल्पलाइनचा नंबर दिला. तिच्या नवऱ्यानं माझ्या दारात येऊन शिव्या दिल्या आणि माझे मालक, म्हणजे नवरा, मलाच म्हणाले, "तुला कुणी सांगितलं होतं?" तेव्हापासून मी नंबर कागदावर देत नाही, पाठ करून घेते. १८१, आणि तातडीच्या मदतीचा ११२. तायी कार्डावर, म्हणजे गरोदरपणाच्या कार्डावर, तर काहीच लिहायचं नाही, ते घरातले सगळे बघतात. एकीनं नंबर बांगडीवाल्याच्या बिलावर हिशेबासारखा लिहून ठेवला होता, ते मला आवडलं.

आशांसाठी बायकांवरच्या हिंसेची वेगळी पुस्तिका राष्ट्रीय आरोग्य अभियानानं काढली आहे. ती चांगली आहे. पण आम्हाला पैसे कामागणिक मिळतात आणि ह्या कामाला रक्कम नाही. रात्री अकराला कुणी दार वाजवलं तर मी उठते, पण ते कुठल्या रकान्यात लिहू?

अजून एक. प्रशिक्षणात आम्ही बत्तीस जणी गोल बसलो होतो. बाईंनी विचारलं, मारल्यावर बाई घर का सोडत नाही? सगळ्या धडाधड बोलायला लागल्या, लेकरं, माहेरची परिस्थिती, लोक काय म्हणतील. एक जण नुसती रडायला लागली. मग दुसरी. त्या दिवशी पुढचं काही शिकवणं झालंच नाही, आणि तेच बरं झालं. मार खाणाऱ्या बायकांना मदत कशी करायची हे मार खाणाऱ्या बायकांनाच शिकवूलालाय, तर आधी आमचं कोण ऐकणार ते बघा.

निपाणीची_लेक

आशाताई, तुमचं वाचून पाणी आलं डोळ्यांत.

माझी आई निपाणीत विड्या वळायची. दुपारी गल्लीतल्या दहा-बारा बायका मांडीवर सूप घेऊन एकत्र बसायच्या. कुणाच्या घरात काय चाललंय ते तिथं सगळ्यांना ठाऊक असायचं, कारण सुजलेल्या बोटांनी पानाला दोरा गुंडाळता येत नाही. रोज हजार विड्या वळणारी सहाशेवर आली की कुणी काही विचारायची नाही, फक्त तिच्या सुपात आपल्या वळलेल्या विड्या टाकायची.

पुढे ह्या बायकांनी एक रीत पाडली. कुणाच्या घरातून आरडाओरडा ऐकू आला की जी जवळ असेल तिनं वाटी घेऊन जायचं आणि विरजण मागायचं. रात्रीचे दहा असोत. दार वाजवायचं, "वैनी, जरा विरजण द्या की." भांडणाचं नाव काढायचं नाही. पाच मिनिटांनी दुसरी जायची, मीठ मागायला. मग तिसरी. दारात तीन बायका वाट्या घेऊन उभ्या असल्या की माणसाचा उचललेला हात खाली यायचा. आईबरोबर मीही गेलेय, आठ-नऊ वर्षांची असताना. त्या घरातली काकू विरजण द्यायला आली तेव्हा तिचा हात थरथरत होता. अर्धं विरजण आईच्या पायावर सांडलं. आई म्हणाली, "असू दे, उद्या परत येतो." ते तिला सांगणं होतं आणि आत बसलेल्यालाही.

घाटमाथा_सिस्टर

@निपाणीची_लेक, हे प्रत्येक गावात पोचलं पाहिजे. धर्मस्थळ संघ असो, स्त्रीशक्ती गट असो, बचतीसाठी आठवड्याला बायका जमतातच. हप्ता भरून झाल्यावर दहा मिनिटं ह्यासाठी ठेवली तरी कुठल्या घरी वाटी घेऊन जायचं ते ठरेल. फक्त एकटीनं जाऊ नये, आणि हत्यार दिसलं की मागं फिरून ११२ लावावा.

यामुळे हिंसा खरंच कमी होते का, असं कुणी विचारलं तर युगांडातलं उदाहरण सांगते. कंपाला शहरात वस्तीतलेच साधे लोक निवडून, शेजाऱ्यापाजाऱ्यांशी वर्षानुवर्षं बोलत राहण्याचं काम झालं. नर्स, पोलीस, धर्मगुरू सगळे त्यात होते. २०१४ मध्ये निकाल छापून आले. जिथं काम झालं त्या वस्त्यांत जोडीदाराकडून होणारी मारहाण इतर वस्त्यांपेक्षा ५२ टक्के कमी होती. दवाखान्याच्या बाजूनं मुंबईचं 'दिलासा' आहे. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात पंचवीसेक वर्षांखाली महापालिका आणि 'सेहत' संस्थेनं मिळून ते केंद्र उभं केलं. दवाखान्याच्या आतच समुपदेशन, आणि शिकवणाऱ्या दवाखान्यातल्याच नर्सा. बाहेरून तज्ज्ञ आणून एक दिवसाचं भाषण दिलं आणि जेवण घालून पाठवलं, असल्या प्रशिक्षणाचा मला काही उपयोग दिसला नाही.

तालीम_कडोली

पुरुष म्हणून लिहितो.

डिसेंबर २०२३ मध्ये आपल्या बेळगाव तालुक्यातल्या होस वंटमुरीत जे झालं ते सगळ्यांना माहीत आहे. पोरगा-पोरगी पळून गेले म्हणून पोराच्या आईला घरातून ओढून काढलं, विवस्त्र करून खांबाला बांधलं. हायकोर्टानं स्वतःहून दखल घेतली आणि बघत उभ्या राहिलेल्या गावाला धारेवर धरलं. पन्नास-साठ माणसं होती. एकानंच मध्ये पडायचा प्रयत्न केला, त्यालाही मार बसला.

मी तेव्हापासून एकच विचार करतो, मी तिथं असतो तर? आणि उत्तर पटकन होय येत नाही. म्हणून तालमीत पोरांशी बोलायला लागलो. व्यायाम झाला की मातीवर बसून. सुरुवातीला हसायचे. मग एकानं सांगितलं की बाप आईला मारतो तेव्हा तो तालमीत येऊन बैठका मारतो, कारण घरात थांबवत नाही. सोळा वर्षांचं पोरगं. त्या दिवसापासून कुणी हसत नाही. आता आम्ही एकमेकांत ठरवलंय की एकट्यानं मध्ये पडायचं नाही, चौघांनी पडायचं, आणि मोबाईल शूटिंगसाठी न काढता फोन लावायला काढायचा.

सीमा_वकील

कायद्याचं थोडं, कारण आपल्याकडे सोयरीक सीमेच्या दोन्ही बाजूंना होते. लेक चंदगडची, दिली खानापुरात. मार खाऊन माहेरी गेली की तिला सांगतात, "गुन्हा कर्नाटकात घडला, तिकडं जा." हे चूक आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात ती जिथं तात्पुरती राहते तिथल्या मॅजिस्ट्रेटकडेही अर्ज चालतो (कलम २७) आणि दिलेला आदेश देशभर लागू असतो. नवऱ्याच्या क्रौर्याचा गुन्हा, म्हणजे जुनं ४९८-अ, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ८५, माहेरच्या ठाण्यातही नोंदवता येतो असं सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्येच सांगितलंय. हद्दीचा वाद काढला तरी ठाण्याला शून्य क्रमांकाची एफआयआर घ्यावीच लागते. लिहिलेलं तिला वाचून दाखवायचं असतं. कन्नड कळत नसेल तर मराठीत समजावून घेतल्याशिवाय सही करू नका.

२००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा दिवाणी स्वरूपाचा आहे, हे बायकांना कुणी सांगत नाही. नवरा जेलात जावा असं नको असेल, फक्त मार थांबावा आणि घरातून बाहेर काढू नये एवढंच हवं असेल, तरी संरक्षणाचा आणि राहण्याचा आदेश मिळतो. कर्नाटकात तालुक्याचे सीडीपीओ, म्हणजे अंगणवाड्यांचे साहेब किंवा मॅडम, हेच या कायद्याखालचे संरक्षण अधिकारी. दवाखान्याच्या प्रमुखानंही घटनेचा अहवाल भरून त्यांच्याकडे पाठवायचा असतो, नियमातच आहे, आणि तपासणीची प्रत बाईला फुकट द्यायची असते. वकील फुकट मिळतो, बाईला उत्पन्नाची अट नाही. विधी सेवा प्राधिकरणाचा नंबर १५१००.

@मलप्रभाकाठ, पंचांबद्दल. पंच 'मिटवतात' तेव्हा बहुतेकदा तिला नांदायला परत पाठवतात आणि त्याला "बघ, परत असं करू नको" म्हणतात. तुमच्या पंचांत बायका किती आहेत?

शिरोळची_माहेरवाशीण

माझं माहेर शिरोळ तालुक्यात, सासर चिकोडीकडं. आमच्या शेजारच्या हेरवाडनं ४ मे २०२२ ला ग्रामसभेत विधवा प्रथा बंद केल्याचा ठराव केला. कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. पुढच्या पंधरवड्यात महाराष्ट्र सरकारनं सगळ्या ग्रामपंचायतींना तसंच करायला सांगितलं. एका गावानं केलं म्हणून झालं. हेरवाडपासून आपली सीमा किती लांब आहे? आपल्या पंचायतीच्या महिला ग्रामसभेत असा ठराव का नाही घ्यायचा, की मारहाण हा घरचा मामला धरला जाणार नाही?

  

मलप्रभाकाठ

वकीलसाहेब, आमच्या पंचांत बाई नाही. एकही नाही.

दोन दिवस काही लिहिलं नाही कारण घरात बोलत होतो. बायकोला धागा वाचून दाखवला. ती म्हणाली, आपल्या शेजारच्या घरातून आवाज येतो तेव्हा तुम्ही टीव्हीचा आवाज मोठा करता. खरं आहे. करतो. उद्यापासून करणार नाही. वाटी घेऊन ती जाईल आणि मी तिच्या मागं उभा राहीन.

मी पंचायतीचा सदस्य आहे. ठरावाचं अध्यक्षांशी आणि पीडीओंशी, म्हणजे पंचायतीच्या विकास अधिकाऱ्यांशी, बोलतो. पण सिस्टर, आमच्या उपकेंद्रात एकच खोली आहे. बाईला एकटीशी बोलायला जागाच नाही. पंचायतीकडून पडदा लावून दिला तर चालेल का?

घाटमाथा_सिस्टर

पडद्यातून आवाज बाहेर जातो हो. मागच्या बाजूला औषधांची खोली असेल बघा. ती रिकामी करून दोन खुर्च्या ठेवा. दाराला पोस्टर नको, नाहीतर आत जाणारी प्रत्येक बाई गावाच्या नजरेत येईल. वजनकाटा तिथंच ठेवा, म्हणजे सगळ्याच आत जातील.

आणि कडी आतून आहे ना, तेवढं बघून घ्या. आमच्याकडं ती बाहेरून होती.

मलप्रभाकाठ

आत्ता बघून आलो. बाहेरूनच आहे. सुताराला उद्या सकाळी बोलावलंय.